पंडित भगवानलाल इंद्रजी : नाण्यांची किंमत आणि नाण्यांचें मोल

आमच्या शाळेंत मध्यंतरीं विद्यार्थ्यांच्या छंदांचें एक लहानसें प्रदर्शन भरविलें होतें. कोणीं पोस्टाचीं तिकिटें मांडलीं होतीं, कोणीं शंखशिंपले, कोणीं वाळविलेलीं पानें. एका कोपऱ्यांतील बाकावर इयत्ता ८ वींतील एका मुलानें आपल्या आजीच्या पेटींतील जुनीं नाणीं हिरव्या कापडावर ओळीनें लाविलीं होतीं. त्यांत शिवराई होती, भोंकाचा पैसा होता, व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे दोन रुपये होते. प्रदर्शन पाहण्यास आलेल्या पालकांपैकीं बहुतेकांनीं त्या मुलास एकच प्रश्न केला. तो असा कीं, आज हीं नाणीं विकलीं तर काय येईल? नाणें कोणाच्या राज्यांतलें, तें आजीकडे कसें आलें, त्यावर काय लिहिलें आहे, हें विचारणारे फारच थोडे निघाले. पुढच्या आठवड्यांत तोच मुलगा आमच्याकडे आला व राणीछाप रुपये चिंचेनें घासून लखलखीत केले तर जास्त पैसे मिळतील काय, असें विचारूं लागला. प्रदर्शनाच्या दिवशीं तो आम्हांस आजीच्या गोष्टी सांगत होता; आठच दिवसांत त्याची भाषा बदलली होती.

यांत त्या मुलाचा दोष नाहीं, व पालकांचाही नाहीं. नाणें हें मुळीं देवघेवीसाठींच जन्मास आलें. तेव्हां त्याची किंमत विचारणें हें स्वाभाविकच आहे. तथापि किंमत व मोल हे दोन शब्द बोलण्यांत सरमिसळ होत असले, तरी त्यांच्यांत मोठें अंतर आहे. आणि तें अंतर ज्यांच्या आयुष्यांत स्पष्ट दिसतें, अशा एका पुरुषाचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस सांगावें, असें त्या दिवसापासून आमच्या मनांत होतें. ते पुरुष म्हणजे पंडित भगवानलाल इंद्रजी होत.

पंडितजींचा जन्म इ. स. १८३९ सालीं काठियावाडांतील जुनागड येथें एका प्रश्नोरा नागर ब्राह्मण कुटुंबांत झाला. जुनागड शहराबाहेर गिरनार पर्वताकडे जाणाऱ्या वाटेवर एक प्रचंड खडक आहे. त्यावर तीन निरनिराळ्या काळांतील लेख कोरलेले आहेत. पहिला लेख सम्राट् अशोकाच्या धर्माज्ञांचा. त्यानंतर सुमारें चारशें वर्षांनीं, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, महाक्षत्रप रुद्रदामन् याच्या कारकीर्दींत सुदर्शन नांवाच्या तलावाचा बांध अतिवृष्टीनें फुटला व तो राजानें पुन्हां बांधविला. ती हकीकत दुसऱ्या लेखांत आहे. तिसरा लेख गुप्त सम्राट् स्कंदगुप्त याच्या काळचा असून त्यांत त्याच तलावाच्या आणखी एका दुरुस्तीचें वर्णन आहे. गिरनारच्या यात्रेस जाणारे हजारों लोक शतकानुशतकें या खडकाजवळून जात होते. परंतु त्यावरील अक्षरें कोणासही लागत नव्हतीं. गांवच्या या मुक्या खडकानें लहानग्या भगवानलालांच्या मनास ओढ लाविली.

या लिपीचें कोडें त्यांच्या जन्मापूर्वीं दोनच वर्षें, १८३७ सालीं, जेम्स प्रिन्सेप या विद्वानानें कलकत्त्यास उकललें होतें. प्रिन्सेप हे तेथील टांकसाळींत धातूचा कस पाहणारे मुख्य अधिकारी होते, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. टांकसाळ म्हटली कीं जुनें नाणें मुशींत जावयाचें व नवें बाहेर पडावयाचें. रुपयांत चांदी किती व मिसळ किती, हें ज्यांनीं दररोज तोलून सांगावयाचें, त्याच गृहस्थांनीं नाण्यावर अक्षरें कोणतीं आहेत, हेंही तितक्याच आस्थेनें पाहिलें. काठियावाडांत सांपडणारीं लहान चांदीचीं नाणीं त्यांनीं वाचलीं व जुन्या लिपीच्या अक्षरांचा एक तक्ता छापून प्रसिद्ध केला. हाच तक्ता काठियावाडचे पोलिटिकल एजंट कर्नल लँग यांच्या द्वारें जुनागडच्या या मुलाच्या हातीं पडला. तक्ता घेऊन गिरनारच्या वाटेवरील खडकाकडे जावें आणि एकेक अक्षर ताडून पाहावें, हीच त्यांची शाळा झाली. ते कोणत्याही कॉलेजांत गेले नाहींत. वाचतां वाचतां प्रिन्सेपच्या वाचनांत राहिलेल्या उणीवाही त्यांच्या ध्यानांत येऊं लागल्या.

या तरुणाची हुशारी ॲलेक्झांडर किन्लॉक फॉर्ब्स यांच्या दृष्टीस पडली. फॉर्ब्स हे गुजराथच्या इतिहासावरील रासमाला नांवाच्या प्रसिद्ध ग्रंथाचे कर्ते. त्यांच्या शिफारशीवरून १८६१ च्या सुमारास भगवानलाल मुंबईस आले व डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखालीं काम करूं लागले. भाऊ दाजी हे नांवाजलेले डॉक्टर तर होतेच, परंतु प्राचीन लेख, हस्तलिखितें व नाणीं यांच्या शोधासाठीं त्यांनीं आपल्या वैद्यकाच्या कमाईंतून मुक्त हस्तानें पैसा खर्च केला. त्यांच्यासाठीं भगवानलालांनीं अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांचे ठसे घेतले, उत्तर हिंदुस्थानांत दूरवर प्रवास केला, व पुढें नेपाळपर्यंत मजल मारली. मथुरेस १८६९ सालीं शीतलादेवीच्या एका स्थानाच्या पायऱ्यांत बसविलेला एक दगड त्यांच्या दृष्टीस पडला. तो सिंहांच्या जोडीनें युक्त असा स्तंभशीर्ष असून त्यावर खरोष्ठी लिपींत क्षत्रपांचे लेख आहेत. येणाराजाणारा त्यावर पाय देऊन जात असे. अशा वस्तु हुडकून काढण्यास पैशापेक्षां डोळस चिकाटी अधिक लागते, आणि ती त्यांच्या ठायीं विपुल होती.

आतां आपण नाण्यांकडे वळूं. सौराष्ट्र, गुजराथ, माळवा या भागांवर सुमारें तीनशें वर्षें राज्य करणाऱ्या पश्चिम क्षत्रपांचीं चांदीचीं नाणीं हा पंडितजींचा विशेष आवडीचा विषय होता. हें नाणें आपल्या जुन्या पावलीहूनही लहान. वजन सामान्यतः दोन ते अडीच ग्रॅमच्या आंत. एका बाजूस राजाचें मुख असतें व त्याभोंवतीं ग्रीक अक्षरांचे बिघडलेले अवशेष असतात. दुसऱ्या बाजूस तीन कमानींचा डोंगर, त्यावर चंद्रकोर, खालीं नदीसारखी नागमोडी रेघ, आणि सभोंवार ब्राह्मी लिपींतील लेख. तोलून पाहिलें तर त्यांतील चांदी ती कितीशी असणार? परंतु त्या लेखांत एक मोठी खुबी आहे. त्यांत नाणें पाडणाऱ्या राजाचें नांव व पदवी असून त्याच्या जोडीला त्याच्या बापाचें नांव व बापाची पदवीही असते. शिवाय पुष्कळ नाण्यांवर राजाच्या मस्तकामागें तें कोणत्या वर्षीं पाडलें, त्याचा आंकडाही असतो.

याचा अर्थ काय झाला, तें पाहा. एका नाण्यावरून पुत्र व पिता अशीं दोन नांवें कळतात. दुसऱ्या नाण्यावर तो पिताच पुत्र म्हणून येतो व त्याच्या पित्याचें नांव कळतें. अशीं शेंकडों नाणीं एकत्र ठेवून एकास एक जोडीत गेलें म्हणजे ज्या घराण्याची वंशावळ पुराणांत वा काव्यांत कोठेंही दिलेली नाहीं, ती पूर्ण वंशावळ आपल्यापुढें उभी राहते. या नाण्यांनींच आपणांस सांगितलें कीं, या घराण्यांत बापामागून त्याचा मुलगाच गादीवर बसे असें नाहीं. पुष्कळदां एका भावामागून दुसरा भाऊ, त्यामागून तिसरा, असा क्रम चाले. रुद्रसिंहाचे रुद्रसेन, संघदामन् व दामसेन हे तीन पुत्र एकामागून एक महाक्षत्रप झाले. आणि पुढें दामसेनाच्या तीन पुत्रांच्या बाबतींतही तसेंच घडलें. क्षत्रप ही पदवी धाकट्या राज्यकर्त्याची व महाक्षत्रप ही वडील राज्यकर्त्याची, हेंही नाण्यांच्या तुलनेनेंच स्पष्ट झालें.

परंतु वर्षाचा आंकडा वाचावयाचा कसा? त्या काळीं शून्य घालून स्थानाप्रमाणें आंकडे लिहिण्याची आजची रीत या नाण्यांवर नव्हती. एकपासून नऊपर्यंत निराळीं चिन्हें, दहा, वीस, तीस यांचीं निराळीं, शंभराचें निराळें. म्हणजे शके १४४ लिहावयाचे असतील तर शंभर, चाळीस व चार अशीं तीन चिन्हें काढावयाचीं. हीं चिन्हें निश्चित करण्याच्या कामीं पंडितजींस आपल्या महाराष्ट्रांतील एका ठिकाणाचा मोठा उपयोग झाला. जुन्नरहून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांचें एक लेणें आहे. तेथील भिंतींवर नागनिका राणीच्या लेखांत यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नांवाचीं नाणीं यांची मोजदाद आंकड्यांनिशीं कोरली आहे. या आंकड्यांचा पंडितजींनीं कसून अभ्यास केला व १८७७ सालीं जुन्या अंकचिन्हांविषयींचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. नाणेघाटाच्या भिंतीवरील आंकडा समजला म्हणजे काठियावाडच्या शेतांत सांपडलेल्या नाण्याचें वर्ष समजूं लागतें! ज्ञानाचे धागे असे दूरदूर जाऊन एकमेकांस मिळतात.

१८७४ सालीं भाऊ दाजी वारले. त्या वेळीं पंडितजी नेपाळच्या प्रवासांत होते. मुंबईस परत येतात तों त्यांचा आधार तुटलेला. यापुढें त्यांचा मार्ग खडतर झाला. ते धनवान् नव्हते. मोठ्या पगाराची सरकारी जागा त्यांस नव्हती. इंग्रजींत लेख लिहिण्याइतकें त्या भाषेवर प्रभुत्वही नव्हतें. ते आपले निबंध गुजराथींत लिहीत व डॉ. ब्यूलर यांच्यासारखे विद्वान् मित्र त्यांचें इंग्रजी भाषांतर करीत. नेपाळांतील शिलालेखांचा त्यांचा संग्रह याच रीतीनें १८८० सालीं प्रसिद्ध झाला. नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखांचें त्यांनीं केलेलें वाचन मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत घेण्यांत आलें.

अशा परिस्थितींत त्यांचा नाण्यांचा संग्रह वाढतच होता. त्यांतील एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. क्षहरात वंशांतील नहपान नांवाच्या क्षत्रपाचीं नाणीं त्या काळीं अतिशय दुर्मिळ होतीं. न्यायमूर्ति न्यूटन यांस मिळालेलें एकच नाणें छापून प्रसिद्ध झालें होतें. त्याशिवाय आणखी चार नाणीं काठियावाड व नाशिक या भागांतून पंडितजींनीं मिळविलीं. विद्वानांस ठाऊक असलेल्या पांच नाण्यांपैकीं चार ज्याच्या पेटींत आहेत, अशा मनुष्यास व्यापारी दृष्टि असती तर त्यानें काय केलें असतें? पेटीस कुलूप घालून भाव चढण्याची वाट पाहिली असती, किंवा गरज पडतांच एकेक नाणें बाजारांत आणलें असतें. पंडितजींनीं त्यांचें वाचन व वर्णन केलें, आणि तीं एकत्र जपून ठेविलीं.

पंडितजींच्या आयुष्यांतील सर्वांत गाजलेला प्रसंग १८८२ सालच्या एप्रिल महिन्यांतला. मुंबईच्या उत्तरेस नाला सोपारें म्हणून गांव आहे. तें त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत होतें व आतां पालघर जिल्ह्यांत मोडतें. एके काळीं शूर्पारक या नांवानें तें भरभराटीचें बंदर होतें. गांवाजवळ एक मातीविटांचें टेकाड होतें व लोक त्यास बुरूड राजाचा कोट म्हणत. तें टेकाड म्हणजे बौद्ध स्तूप असला पाहिजे असें पंडितजींनीं ताडलें व तें खणविलें. आंत विटांच्या पोकळींत दगडाची एक मोठी पेटी निघाली. तिच्यांत सात पूर्वबुद्ध व भावी बुद्ध मैत्रेय अशा आठ धातूच्या मूर्तींच्या मधोमध तांब्याचा करंडा होता. तांब्याच्या करंड्यांत चांदीचा, चांदीच्या आंत दगडाचा, त्याच्या आंत स्फटिकाचा, आणि स्फटिकाच्या आंत सोन्याचा. सोन्याचा तो इवलासा करंडा उघडला तेव्हां त्यांत मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे मिळाले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे मानून भाविकांनीं पूर्वीं कधींतरी तेथें ठेविले असावेत, असा पंडितजींनीं निष्कर्ष काढला.

विद्यार्थिमित्रहो, या करंड्यांचा क्रम पुन्हां एकदां मनांत आणा. जसजसें आंत जावें तसतशी धातूची किंमत वाढत जाते, आणि अगदीं आंत, सोन्याच्या पोटांत, काय ठेविलें आहे? खापऱ्या! सराफाच्या तराजूनें पाहिलें तर सोनें हा माल व खापऱ्या हा कचरा ठरेल. परंतु ज्यांनीं ते करंडे रचिले, त्यांच्या दृष्टीनें खापऱ्या हें धन होतें व सोनें हें केवळ त्याचें वेष्टण. त्याच स्तूपांत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णि याचें एक चांदीचें नाणेंही सांपडलें. क्षत्रपांच्या नाण्यांप्रमाणें त्यावर राजाचें मुख आहे. तें नाणें कोणा फेरीवाल्याकडून हातीं आलें असतें तर एक दुर्मिळ नाणें एवढीच त्याची गोष्ट राहिली असती. तें सोपाऱ्याच्या स्तूपांत सांपडलें असें निश्चित ठाऊक असल्यामुळें त्याच्या साक्षीस जोर आला. नाण्याच्या मोलाचा मोठा भाग त्याच्या धातूंत नसून त्याच्या सांपडण्याच्या जागेंत असतो, हा धडा आम्हांस यावरून मिळतो. त्याच वर्षीं सोपाऱ्यासच अशोकाच्या आठव्या धर्माज्ञेचा एक तुकडा पंडितजींच्या हातीं आला. स्तूपांतील या वस्तु आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ताब्यांत आहेत.

यानंतर पंडितजींची कीर्ति युरोपांत पसरली. हॉलंडांतील लायडन विश्वविद्यालयानें १८८४ सालीं त्यांस सन्मानपूर्वक डॉक्टर ही पदवी अर्पण केली. ज्यांनीं कॉलेजची पायरी चढली नाहीं, त्यांच्या घरीं युरोपांतील एका प्राचीन विद्यापीठाची पदवी चालून आली. परंतु शरीर थकलें होतें. १६ मार्च १८८८ रोजीं, वयाच्या ४९ व्या वर्षीं, मुंबईस त्यांचा अंत झाला. शेवटच्या दिवसांपर्यंत ते क्षत्रपांच्या नाण्यांविषयींच्या निबंधावर काम करीत होते. तो अपुरा निबंध रॅप्सन या इंग्रज विद्वानानें संपादून १८९० सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापविला.

मृत्युपत्रांत त्यांनीं आपल्या संग्रहाची व्यवस्था लावून ठेविली होती. नाणीं व कोरीव लेख लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला द्यावे. हस्तलिखितें मुंबईच्या एशियाटिक सोसायटीस द्यावीं व तीं भाऊ दाजींच्या संग्रहाजवळ ठेवावीं, अशी त्यांची इच्छा होती. चौदा वर्षांपूर्वीं वारलेल्या आश्रयदात्याची आठवण त्यांनीं अशा रीतीनें राखली. मथुरेचा तो सिंहस्तंभशीर्षही लंडनास गेला. रॅप्सन यांनीं १९०८ सालीं आंध्र व पश्चिम क्षत्रप राजांच्या नाण्यांची जी सुप्रसिद्ध सूची रचिली, तिच्या पायाशीं पंडितजींनीं दिलेला हा संग्रह आहे.

हीं नाणीं मुंबईंत राहतीं तर बरें झालें असतें, असें आज आमच्यापैकीं पुष्कळांस वाटेल, आम्हांसही वाटतें. सोपाऱ्याचे करंडे आमच्या विद्यार्थ्यांच्या जिल्ह्यापासून जवळ आहेत, आणि नहपानाचीं तीं चार नाणीं मात्र समुद्रापार. ही चुटपुट खरी आहे. परंतु एक गोष्ट तितकीच खरी कीं, संग्रह फुटला नाहीं. तो एकेक करून विकला गेला असता तर आज तीं नाणीं कोणाच्या कपाटांत आहेत, हेंही कोणास सांगतां आलें नसतें, व वंशावळीचीं पानें वाऱ्यावर उडून गेलीं असतीं.

आतां नहपानाच्या नाण्यांची पुढील हकीकत ऐका. कारण आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर तिच्यांत आहे. पंडितजींच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनीं, १९०६ सालीं, नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सांपडला. नाणीं १३,००० हून अधिक होतीं, आणि तीं सगळीं नहपानाचीं! जें नाणें काल दुर्मिळ होतें, तें एका दिवसांत राशीनें उपलब्ध झालें. भाव चढेल म्हणून कोणी तें जपून ठेविलें असतें, तर त्या दिवशीं त्याचें तोंड उतरलें असतें. परंतु अभ्यासकांस पर्वणीच लाभली. रेव्हरंड एच्. आर्. स्कॉट यांनीं त्या साठ्याचें परीक्षण करून वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला होता. गौतमीपुत्रानें क्षहरात वंशाचा उच्छेद केला, असें त्याची माता बलश्री हिनें नाशिकच्या लेण्यांत कोरवून ठेविलें आहे. लेण्यांतील त्या बोलास या हजारों नाण्यांनीं एकमुखानें साक्ष दिली. ज्या दिवशीं नाण्याची किंमत उतरली, त्याच दिवशीं त्याचें मोल वाढलें. व्यापाराच्या दृष्टीनें जी हानि, ती विद्येच्या दृष्टीनें प्राप्ति ठरली. आणि यांतील दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पालकांची बाजूही आम्ही विसरत नाहीं. मुलानें छंदावर वेळ व पैसा घालवावा, तर त्याचें पुढें कांहीं चीज होईल कीं नाहीं, अशी चिंता संसारी मनुष्यास वाटणारच. जुन्या नाण्यांस किंमत येते, हें पुष्कळदां नाण्यांच्या हिताचेंही होतें. शेतकऱ्यास नांगराच्या फाळाखालीं जुनें नाणें लागलें व त्यास चांदीच्या वजनापेक्षां अधिक पैसे मिळण्यासारखे नसले, तर तें नाणें सोनाराच्या मुशींत जातें व त्याची पैंजणें होतात. चार पैसे अधिक देणारा कोणी आहे हें कळलें म्हणजे तें वितळण्यापासून वांचतें. तेव्हां किंमत ही शत्रु नव्हे. परंतु भावाचा भरवसा किती धरावा, हें जोगळटेंभीनें दाखविलें आहे. शिवाय खोटीं नाणीं बनविणारे पुष्कळ. घेतांना एक भाव व विकतांना दुसरा. आणि जें नाणें दुर्मिळ म्हणून डोक्यावर घ्यावें, तें घेणारा त्या दिवशीं भेटेलच असेंही नाहीं. मुलाच्या शिक्षणाची वा मुलीच्या लग्नाची पुंजी या पायावर उभारणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. छंदासाठीं वेगळी काढलेली लहानशी रक्कम, व त्यांतून घरांतील सर्वांना मिळणारा आनंद, एवढीच अपेक्षा ठेविली तर निराशेचें कारण उरत नाहीं.

हा छंद घरांतील लहानथोरांनीं मिळून केला तर त्याची गोडी कांहीं और आहे. आजोबांस मोडी वाचतां येत असेल, आईस जुन्या दागिन्यांची माहिती असेल, वडिलांस गांवोगांव फिरण्याचा प्रसंग येत असेल. आणि मुलाचे डोळे तर सर्वांहून तीक्ष्ण. प्रत्येक नाणें जाड कागदाच्या निराळ्या पाकिटांत ठेवावें. त्यास कडेनें धरावें. मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवूं नये, कारण तशा कांहीं पिशव्यांनीं धातूवर हिरवट डाग पडतात. वहींत नाण्याचें वजन, रुंदी, दोन्ही बाजूंचें वर्णन, तें कोणाकडून व कोठून आलें, हें सर्व लिहावें. कायदाही माहीत असावा. जमिनींत पुरलेलें १० रुपयांहून अधिक किंमतीचें धन सांपडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणें तें कलेक्टरास कळवावें लागतें. आणि शंभर वर्षांहून जुनीं नाणीं १९७२ च्या कायद्याप्रमाणें खाजगी मनुष्यास परदेशीं पाठवितां येत नाहींत.

आता त्या मुलाची गोष्ट पुरी करूं. चिंचेनें घासल्यास नाण्याचा वरचा जुना थर जातो व जाणते ग्राहक त्यास कमीच पैसे देतात, असें आम्हीं त्यास सांगितलें; म्हणजे किंमतीच्या दृष्टीनेंही तो तोटाच. मग पंडितजींची हकीकत सांगितली व एक कोरी वही देऊन आजीकडे पाठविलें. पंधरा दिवसांनीं तो वही घेऊन आला. दोन रुपयांपैकीं एकाच्या कडेवर डाग लागल्याची खूण होती. बाजारांत अशा नाण्यास खराब झालेलें म्हणतात व त्याचा भाव पडतो. आजीनें सांगितलें तें असें कीं, तो रुपया तिच्या आईच्या गळ्यांतील माळेंत होता. एका दुष्काळाच्या वर्षीं माळ मोडून बाकीचे रुपये दाणे घेण्यास गेले, व हा एकच आईनें कडी काढून मागें ठेविला. ही हकीकत त्या मुलाच्या वडिलांसही आजवर ठाऊक नव्हती. वहीच्या त्या पानावर नाण्याच्या वर्णनाखालीं मुलानें आपल्या पणजीचें नांव लिहिलें होतें, त्याखालीं आजीचें, त्याखालीं वडिलांचें, व शेवटीं आपलें स्वतःचें. क्षत्रपांच्या नाण्यावर पुत्राच्या नांवाशेजारीं पित्याचें नांव असतें, हें त्यास कोणीं पुन्हां समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.